पुलाखाली इंजिनिअर

७ एप्रिल

सिनेमावाले आले! तीन गाड्या, एक जनरेटर, आणि पांढरी हेल्मेटं — मी मोजली — चौदा. आमच्या अख्ख्या रस्ते खात्यात दोन आहेत. त्यातलं एक तडकलेलं, त्यात कादिरकुल-आके टोमॅटोची रोपं वाढवतात. कादिरकुल-आके म्हणजे आमचे साहेब; वडीलधारे, म्हणून आके. पेन्शनला चार महिने राहिलेत, त्यामुळे सध्या सगळा जीव रोपांत.

सकाळी बोलावून म्हणाले, "अनिपा, तू जा त्यांच्याबरोबर. सल्लागार म्हणून. इंजिनिअरवर सिनेमा आहे."

"आके, मला काराजिल्गाच्या पुलाची तपासणी करायचीय."

"अगं, ते तिथेच तर शूटिंग करणार आहेत! एका दगडात दोन पक्षी."

साहेबांना पक्षी मारायची भारी हौस. दगड मात्र आम्ही उचलायचा.

दिग्दर्शकाचं नाव रुस्तेम. गळ्यात मफलर, ऊन असो वा नसो. मला म्हणाला, "साठ वर्षांपूर्वी हा पूल बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरची गोष्ट आहे. शेवटी पूल उभा राहतो."

मी म्हटलं, "उभा राहिला नसता तर तुम्ही शूटिंग कशावर केलं असतं?"

हसला नाही. हा माणूस हसत नाही, हे ध्यानात ठेवायचं.

९ एप्रिल

पटकथा वाचली. एकशे बारा पानं. हसून हसून पोट दुखलं.

या इंजिनिअरला बसणं माहीत नाही. सतत उभा, आणि तोही वाऱ्याच्या तोंडाला. काखेत नकाशाची गुंडाळी, ती एकदाही उलगडत नाही. लोखंडावर टकटक करून कान लावतो — आई बाजारात कलिंगड घेते तसं! सिगारेटच्या पाकिटावर हिशेब करतो आणि तो बरोबर येतो. "जबाबदारी माझी!" असं तीन वेळा ओरडतो. बायको सुटकेस घेऊन निघून जाते, तो खिडकीतून पुलाकडे बघत राहतो. एकशे बारा पानांत या बाबानं एक फॉर्म भरलेला नाही! मी सव्वीस वर्षं फॉर्मच भरतेय. माझ्यावर सिनेमा काढला तर प्रेक्षक घोरतील.

रुस्तेमनं विचारलं, "तुमचे यजमान या कामामुळेच सोडून गेले का?"

"नाही हो. माझ्या जिभेमुळे."

वहीत लिहून घेतलं त्यानं. खोडलंही असेल लगेच.

हिरो सागिन. हा सागिन! दहा वर्षं घोड्यावर बसून मुंडकी उडवतोय पडद्यावर. आईच्या स्वयंपाकघरात त्याचं कॅलेंडर आहे, तीन वर्षांपूर्वीचं, अजून उतरवू देत नाही. प्रत्यक्षात लाजाळू आहे, मला एजे म्हणतो, म्हणजे ताई. बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "एजे, एक विचारू? इंजिनिअर हात कुठे ठेवतो?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. विचार करून सांगितलं, "खिशात. थंडी असते."

१४ एप्रिल

आज हसण्याचा दिवस नाही.

पाणी अजून उतरलेलं आहे म्हणून पुलाखाली उतरले. सागिनही आला हट्टानं, भाड्याचे गमबूट घालून. दोन नंबरच्या खांबाच्या पायाखाली पहार घातली. आत गेली. आणखी आत गेली. एक मीटर चाळीस! गेल्या वर्षी साठ सेंटिमीटर गेली होती. नदीनं खालची खडी चाटून नेलीय. पाया अर्धा हवेत.

सागिन वर बघत होता, लोखंडाकडे. "कुठे तडा गेलाय, एजे?"

"वर काय बघतोस? लोखंड ठणठणीत आहे. पूल डोक्यानं नाही मरत, पायानं मरतो."

तो खाली वाकला. मग पहार मागितली आणि स्वतः घालून बघितली. हात कोपरापर्यंत पाण्यात गेल्यावर त्याचा चेहरा बदलला. या माणसाला मी इंजिनिअर करून सोडेन.

आत्ता काही होणार नाही. होईल ते मेअखेर. वरचा बर्फ वितळून पाणी चढणार, आणि नेमके तेव्हाच अख्ख्या खोऱ्याचे ट्रक बिऱ्हाडं घेऊन पलीकडे जायलूवर, उन्हाळी कुरणांवर, निघणार. तंबू, चुली, पिंपं, पोरंबाळं, वर बसलेल्या म्हाताऱ्या. एकेक ट्रक वीस टनांचा. दहा टनांची पाटी आहे पुलावर, ती आजवर फक्त शेळ्यांनी वाचली असेल. आणि सगळ्यांत पहिला ट्रक दर वर्षी कुणाचा? आमच्या उलारचा. पहिला पोचेल त्याला झऱ्याकाठची जागा. माझा धाकटा भाऊ, त्याची बायको झिपार, दोन पोरी.

आल्याबरोबर पत्र लिहिलं. दोन नंबरच्या खांबाभोवती जाळीत भरून मोठे दगड टाकावेत, तोवर पूल ट्रकना बंद करावा. जावक क्रमांक २१२.

१५ एप्रिल

साहेबांचा शेरा आला — "पाहू."

उलारला सांगितलं. तो ट्रकच्या खालून बाहेर न येताच म्हणाला, "एजे, मी शाळेत होतो तेव्हापासून तुझा पूल पडतोय."

१८ एप्रिल

रुस्तेम म्हणाला, "एक प्रसंग कमी पडतोय. पूल आता पडणार, अशी वेळ आलीय. सगळे इंजिनिअरकडे बघतायत. तो काय म्हणतो?"

मी म्हटलं, "तो म्हणतो — मी तुम्हाला चौदा एप्रिलला लेखी कळवलं होतं, जावक क्रमांक दोनशे बारा."

सागिनला चहा पिता पिता ठसका लागला. रुस्तेमनं मफलर सारखा केला. "नाही चालणार," म्हणाला. "त्यात भावना नाही."

भावना नाही म्हणे! माझ्या सगळ्या भावना त्या जावक रजिस्टरमध्ये आहेत.

२३ एप्रिल

लोखंडावर टकटक करण्याचा प्रसंग झाला. सात वेळा. सागिननं टकटक केल्यावर दर वेळी खिशातून वही काढून काहीतरी लिहायला सुरुवात केली — मी शिकवलं होतं! आधी तारीख, मग खांब क्रमांक, मग निरीक्षण. रुस्तेम ओरडला, "कट! लिहितोस काय? इंजिनिअर आहेस, तलाठी नाहीस!"

सागिन म्हणाला, "इंजिनिअर लिहितो."

जीव लावला पोरानं.

आता शेवटचा प्रसंग. तोच! इंजिनिअर पुलाखाली उभा राहतो आणि वरून भरलेले ट्रक जातात. लहानपणापासून बघतेय मी हे. काळेपांढरे सिनेमे होते तेव्हापासून. खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल — पूल बांधणारा पुलाखाली उभा राहतो, माझ्या पुलावर माझा जीव म्हणून.

रुस्तेमला सांगितलं, अहो, नवीन पुलाची चाचणी घेतात तेव्हा खाली कुणीतरी असतं खरं. पण छाती पुढे काढून नसतं. वरून तार सोडलेली असते, तिला काटा लावलेला असतो, पूल किती वाकला ते वाचायला वाकून बसलेलं असतं. मी बसलेय चार वेळा. मान अवघडते. तोंडावर माती पडते.

"वाकून?" रुस्तेम म्हणाला. "वाकलेला इंजिनिअर कोण बघणार?"

मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा, पण या पुलावरून भरलेला ट्रक मी जाऊ देणार नाही. वाद झाला. अखेर ठरलं — ट्रक रिकामे, वर थर्माकोलचे धोंडे. रंगवलेले इतके झकास की हात लावेपर्यंत कळत नाही. आर्टवाल्या पोरांनी तीन-तीन टनांचे धोंडे काखेत मारून ट्रकवर चढवले. रस्त्यानं जाणारा म्हातारा गाढवासकट थांबला आणि देवाचं नाव घेऊ लागला.

२९ एप्रिल

मोठा प्रसंग पार पडला. सागिन पुलाखाली उभा राहिला, छाती पुढे. वारा नव्हता, पंखा लावला.

दोन नंबरचा खांब कॅमेऱ्यात "फार उघडा दिसतो" म्हणून आर्टवाल्यांनी उरलेले थर्माकोलचे धोंडे तारेनं बांधून त्याच्याभोवती रचले. मी पोट धरून हसले. मी सरकारकडे मागितले तसेच्या तसे! आकारही तोच!

कादिरकुल-आके सहकुटुंब आले होते, सागिनबरोबर फोटो काढायला. सागिनबरोबर काढला, रुस्तेमबरोबर काढला, मग खांबाचाही काढला. दोन बाजूंनी. मला वाटलं, हौस आहे माणसाला.

६ मे

हौस नव्हती!!

आज फाइल बघितली. माझ्या २१२ वर लाल शाईत — "संरक्षक दगड बसविण्यात आले. छायाचित्रे सोबत. प्रकरण बंद." आणि कागद प्रांताच्या कचेरीत रवाना.

तडक आत गेले. "आके, ते थर्माकोल आहे!"

"हळू बोल."

"हळू काय बोलू! नदीत थर्माकोल टाकून तुम्ही फाइल बंद केलीत!"

"मी कुठे टाकलं? सिनेमावाल्यांनी टाकलं." मग रोपांना पाणी घालता घालता, माझ्याकडे न बघता — "प्रांतातून रोज फोन. दगडाला पैसा नाही, आणि काम झालं का विचारतात. मी काय करू? तीन महिने राहिलेत माझे, अनिपा. जूनमध्ये खरे टाकू. आईशप्पथ."

"ट्रक चोवीस मेला निघतात."

"दहा टनांची पाटी आहे ना."

पाटी! राग येतो आणि कीवही येते. वाईट माणूस नाही. माझ्या नवऱ्यानं घर सोडलं तेव्हा महिनाभर यांच्याच बायकोनं डबा पाठवला. पण त्या पुलावरून माझ्या भाच्या जाणार आहेत.

७ मे

थर्माकोल वाहून गेलं! जरा पाणी वाढलं आणि सगळे धोंडे होडीसारखे निघाले. आज बाजारात एक जण डोक्यावर भलामोठा धोंडा घेऊन शीळ घालत चालला होता. कागदावर ते धोंडे अजून खांबापाशीच आहेत.

१२ मे

सिनेमावाले गेले. रुस्तेमनं हात मिळवला. "तुमच्यामुळे सिनेमाला खरेपणा आला." कुठे आला, ते नाही सांगितलं.

सागिननं आपलं पांढरं हेल्मेट मला दिलं, आत सही करून. "एजे, पत्राचं काय झालं?" मी सांगितलं सगळं. चेहरा पडला त्याचा. म्हणाला, "मी प्रांतात जाऊन सांगू? मला ओळखतात."

"काय म्हणून ओळखतात? तू गेलास तर घोड्यासकट फोटो काढतील आणि चहा पाजून परत पाठवतील."

हेल्मेट घालून आरशात बघितलं. आई म्हणाली, "आता दिसतेस इंजिनिअर." सव्वीस वर्षांनी!

१७ मे

पाणी चढलं. आता पहार घालणं अशक्य. काठावरून दुर्बीण लावून खांबावरची माझी रंगाची खूण बघितली. एप्रिलपेक्षा दोन बोटं खाली. खूण खाली जात नसते. खांब बसतोय.

दिवसभर फोन. वाहतूक पोलीस म्हणाले, तुमच्या खात्याचा आदेश आणा, अडसर लावतो. खात्याचा आदेश म्हणजे आकेंची सही. आके म्हणाले, दगड बसवले असं लिहून दिलंय, आता पूल बंद कसा करू? प्रांतात फोन केला तर एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "तुमचं प्रकरण बंद झालेलं दिसतंय. अभिनंदन."

संध्याकाळी उलारकडे गेले. बिऱ्हाड बांधणं चाललं होतं. म्हटलं, या वर्षी वरच्या पुलावरून जा.

"अडतीस किलोमीटर वळसा? भरल्या ट्रकनं? तोवर झऱ्यापाशी दुसरा तंबू ठोकेल. मग पोरींना पाणी कुठून आणू, तुझ्या फाइलीतून?"

"खांब खाली चाललाय, उलार. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तू दर वर्षी काहीतरी बघतेस." मग जरा खालच्या आवाजात, "एजे, सगळ्यांचा धंदा असतो. मेंढपाळाला लांडगा दिसतो, तुला तडा दिसतो. मी चोवीसला निघणार."

यात खोटं ते काय? मी खरंच दर वर्षी ओरडते. दर वर्षी थोडं थोडं खरं असतं ते. पण या वर्षी मला भीती वाटते.

२१ मे

नामी युक्ती सुचली होती! होती.

म्हटलं, सगळं खोरं ते सिनेमे बघत मोठं झालंय ना? मग पुलाखाली इंजिनिअर बसला तर कोण माईचा लाल वरून ट्रक नेईल? स्टूल घेतलं, थर्मास घेतला, पांढरं हेल्मेट घातलं आणि पहिल्या गाळ्याखाली, म्हणजे काठ आणि पहिला खांब यांच्यामध्ये, कोरड्या खडीवर जाऊन बसले. इथे काठ भक्कम आहे. काही झालंच तर दोन ढांगांत पळता येईल. गुडघ्यांनी साथ दिली तर.

दहा वाजता बोरुबायचा सिमेंटचा ट्रक आला. थांबला! खाली वाकून बघितलं त्यानं.

"अनिपा-एजे! तुम्ही खाली?"

"हो! खाली बसलेय मी!"

"स्वतः?"

"स्वतः!"

"मग पूल भक्कम आहे की!" आणि भोंगा वाजवून, सलाम ठोकून, माझ्या डोक्यावरून गेला. सिमेंटसकट!

चहात माती पडली. त्याचं तरी काय चुकलं? सिनेमात इंजिनिअर खाली उभा राहतो तो पूल पक्का असतो म्हणूनच. दुपारपर्यंत आणखी तीन ट्रक गेले. एक जण तर म्हणाला, बरं झालं बसलात, मनात शंका होती. म्हणजे दहा टनांच्या पाटीला घाबरून वळसा घालणारा एखादा असेल, त्यालाही मी पुलावर बोलावलं! सिनेमानं पुरता घात केला माझा.

खूण तीन बोटं खाली.

२२ मे

काल रात्री आईला सगळं सांगितलं. सिमेंटवाल्यापर्यंत आल्यावर म्हातारी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझ्या डोक्यावरून जातील गं. नानवरून कोण जाईल?"

पन्नास वर्षं हेच ऐकलंय — नान जमिनीवर ठेवू नये, नान ओलांडू नये, नानवरून पाय गेला तर घरातली बरकत जाते. तुकडा पडला तर उचलून कपाळाला लावायचा. दारू पिऊन गटारात पडलेला माणूसही नान दिसला तर पाय आखडून घेतो.

आईनं पहाटे आठ नान भाजले. पुलाखाली पाट मांडला, त्यावर तिचं भरतकाम केलेलं दस्तरखान, जेवताना अंथरायचं फडकं, त्यावर नान, साय, मध. आणि पुलाच्या तोंडाशी, दहा टनांच्या पाटीच्या खाली, लाल रंगात मी दुसरी पाटी लावली —

"पुलाखाली दस्तरखान मांडलेलं आहे. नान आहे."

एवढंच.

पहिला आला तो बोरुबायच. उतरला. पाटी वाचली. कठड्यावरून खाली बघितलं. मी एक नान उचलून दाखवला. टोपी काढली त्यानं, डोकं खाजवलं. "एजे, हा अन्याय आहे!"

"खाली ये, चहा घे."

"आधी नान उचला!"

"पूल दुरुस्त झाला की उचलते."

शिव्या घातल्या त्यानं — मला, खात्याला, सिनेमाला. नानला नाही. मग गाडी फिरवली आणि गेला अडतीस किलोमीटरच्या वाटेनं. दिवसभरात अकरा ट्रक फिरले. अकरा! माझ्या सव्वीस वर्षांच्या पत्रांनी एक फिरला नव्हता.

२३ मे

एकोणीस ट्रक. दोन मेंढ्यांचे कळपही. मेंढ्यांना मी जाऊ देणार होते, पण धनगरच ऐकेना.

लोक खाली येऊन बसायला लागलेत. आलेल्याला नान मोडल्याशिवाय जाता येत नाही, म्हणून कुणी जर्दाळूचा मुरंबा आणतं, कुणी चीज. पुलाखाली लग्नघर झालंय! बोरुबाय परतीच्या वाटेवर मुद्दाम उतरला. खाता खाता विचारलं, "खरंच पडणार का हो?" दुर्बीण लावून खूण दाखवली त्याला. बघितल्यावर त्यानं पुढचा घास खाल्ला नाही.

साहेबांचा फोन. "अनिपा, हा काय तमाशा? लेखी स्पष्टीकरण दे." दिलं. जावक क्रमांक ३०४. कारणे — पाहा २१२.

सागिनचाही फोन आला. कुणीतरी व्हिडिओ पाठवला म्हणे. "एजे, हात कुठे ठेवलेत?"

"नानवर!"

केवढा हसला.

पण उलार! संध्याकाळी आला. वर काठावरच उभा राहिला, खाली आला नाही. मी नान पुढे केला. घेतला नाही.

"आईचा नान मध्ये आणलास. हे बरं नाही केलंस."

"दुसरं काय करणार होते मी?"

"मला फसवण्यापेक्षा माझ्याशी बोलायचंस."

"बोलले की! तू ट्रकच्या खालून बाहेर आलास का?"

त्यानं नदीकडे बघितलं. पाणी आता भुऱ्या रंगाचं झालंय, गडगडत असतं. मग म्हणाला, "तू काही पहाटे पाचला येऊन बसणार नाहीस." आणि गेला.

म्हणजे पाचला निघणार! आईचा नान मी रात्री तिथे एकटा ठेवत नाही, कुत्री नेतील. पाट रिकामा असतो. त्याला ठाऊक आहे ते.

चारचा गजर लावलाय. त्या दोन पोरी ट्रकवर गाद्यांच्या ढिगावर बसतात, सगळ्यांत वर, हात सोडून. देवा, मला उठव.

२४ मे

गजर झालाच नाही. जाग आली तेव्हा साडेसहा! पलीकडे उलारच्या अंगणात ट्रक नाही. टोपलीत नान नाहीत. स्टूल नाही, हेल्मेट नाही. अनवाणी पळाले.

पूल गेला. सव्वासहाला. दोन नंबरचा खांब गुडघ्यावर बसावा तसा बसला आणि मधले दोन गाळे घेऊन गेला. पुलावर कुणी नव्हतं. अलीकडे उलारचा ट्रक रस्त्यावर आडवा लावलेला, कुणाला जाताच येऊ नये असा, आणि वर गाद्यांवर पोरी — दोन्ही, मोजल्या — रडत बसलेल्या.

झिपार सांगत होती. साडेचारला आमच्याकडे आला. माझा गजर बंद केला, आईकडून नान मागून घेतले. म्हणाला, तीन दिवस बसलीय, झोपू दे. आज पहाटेपासून ट्रक निघतील, नानपाशी कुणीतरी बसायला हवं.

पुलाखाली तो होता.

खडीवरून वर येताना दिसला. कमरेपर्यंत ओला, डोक्यावर सागिनचं हेल्मेट, छातीशी दस्तरखानाचं गाठोडं. मला म्हणाला, "एजे, सिनेमात पडत नाही गं."

आधी एक मुस्काटात दिली त्याच्या. मग धरून ठेवलं.

स्टूल गेलं. पाट गेला. थर्मास गेला. उलार आहे. नोंद करून ठेवते — उलार आहे.